बोलीतील थट्टा आणि रायपूरची मराठी

बोलीभेदावर आधारलेला विनोद दोन जातींचा असतो. एका जातीत प्रमाणभाषा उंचावर उभी राहून खालच्या पायरीवरील बोलणाऱ्याला हसते. दुसरीत दोन बोली एकाच पातळीवर येऊन परस्परांची फिरकी घेतात. ‘पँट्स’ म्हणजे इंग्लंडात अंतर्वस्त्र आणि अमेरिकेत विजार. या घोटाळ्यात कोणी वरचढ ठरत नाही. शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा (१९१३) विनोद मात्र पहिल्या जातीचा. तेथे फुलवालीने प्राध्यापकाची भाषा शिकावयाची, प्राध्यापकाने तिची नव्हे. शॉ त्या उतरंडीचाच उपहास करतो हे खरे. परंतु ती नसती तर नाटकच उभे राहिले नसते. पु. ल. देशपांडे यांना ‘ती फुलराणी’साठी (१९७५) हीच उतरंड मराठीत आयती सापडली, यात मराठी समाजाविषयी पुष्कळ काही येऊन जाते.

मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, या प्रश्नाभोवती त्याच लेखकाने रचलेले कथन मात्र दुसऱ्या जातीचे आहे. तेथे पुणेरी शुद्धतेलाही एक बोली म्हणूनच वागविले आहे. तिचे खाजगी व जाहीर असे दोन अवतार दाखविण्यात त्या लेखनाचा खरा मार्मिकपणा आहे. मात्र त्या मराठीचा नकाशा नागपुरास संपतो.

त्यापलीकडे रायपूर आहे. तेथील चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात मराठीचा वावर असून १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच राज्यात होते. ‘सांबार’ मागितल्यावर कोथिंबीर हाती यावी ही विदर्भाची पुणेकराशी चाललेली जुनी गंमत; पण ती मराठीच्या अंगणातली. रायपुरातील मराठी माणसाचा खेळगडी हिंदी आहे. ‘या शाळेत शिक्षा उत्तम मिळते’ हे वाक्य त्याच्या तोंडी एकाच वेळी स्तुती आणि तक्रार होऊ शकते. ‘चेष्टा पुरे’ म्हटले तर मराठी कानाला थट्टा आवरल्याचे कळते, हिंदी कानाला प्रयत्न सोडल्याचे. (थट्टेचाच शब्द असा दुतोंडी निघावा, हा भाषेचा खट्याळपणा.) येथे कोणी अशुद्ध बोलत नाही, दोन शुद्ध अर्थ एकमेकांवर आदळतात.

या द्वैभाषिक भूमीत गंभीर कवितेची परंपरा थोर आहे. १९५८ ते १९६४ या काळात राजनांदगावी राहिलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी, कविता हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठी कवी. विनोदाच्या वाट्याला तितके भाग्य आले नाही. मराठी रंगभूमीने हिंदीमिश्रित मराठी बहुधा चुकत बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी घालून हशा मिळविला, म्हणजे पुन्हा पहिल्याच पायरीवरून. ही भाषा निर्दोष बोलणारे पात्र रायपूरकर प्रेक्षकांसाठीच लिहिले जावयास हवे, आणि लवकर. कारण अशा कोटीला दोन्ही अर्थ जिवंत असावे लागतात. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला ‘शिक्षा’ शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असला, तर आजीच्या वाक्यातील तक्रार त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि स्तुती ऐकून तो मान डोलावतो.