झेनियाची उघडझाप

खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांत झेनिया या मृदू प्रवाळाला फारशी किंमत नाही. ज्याच्याकडे अक्रोपोरासारखा कठीण प्रवाळ वाढतो तो खरा जाणकार आणि झेनिया म्हणजे तण, अशी उतरंड या छंदात पक्की बसली आहे. कुणी कौतुकाने आपली झेनिया दाखवली की अनुभवी पाहुणा ‘हो, वाढते खरी’ म्हणतो आणि पुढच्या दगडाकडे वळतो. मला ही उतरंड मान्य नाही. टाकीसमोर खुर्ची टाकून बघत बसावं असं जे काही आहे, त्यात झेनियाला मी पहिल्या रांगेत बसवीन. आणि गंमत अशी की तिचं देखणेपण, तिचं तण असणं आणि तिने पाणी साफ करणं, हे सगळं एकाच हालचालीतून येतं.

एक झुबका जवळून बघा. खाली बोटाएवढा गुळगुळीत, दुधाळ देठ, वर पॉलिपांची दाटी. प्रत्येक पॉलिपाला आठ भुजा, आणि भुजेच्या दोन्ही कडांना पिसासारखे बारीक धागे. आठही भुजा एकदम आत मिटतात, मग सावकाश बाहेर पसरतात. दीड-दोन सेकंदांत एक फेरी पुरी. मिटण्यात जोर आहे, उघडण्यात नाही, कारण मिटताना स्नायू काम करतात आणि उघडताना ताणलेलं अंग आपसूक पूर्ववत होतं. म्हणूनच त्या हालचालीला झटका आणि सैलपणा असे दोन्ही सूर मिळतात. शेजाऱ्याशी मात्र कुणाचाच मेळ नाही. बालवाडीतल्या टाळ्यांसारखं आहे हे: उत्साह सगळ्यांचा, ताल ज्याचा त्याचा. सगळे पॉलिप एका तालात हलले असते तर ते यंत्र वाटलं असतं आणि दोन मिनिटांत कंटाळा आला असता.

ही उघडझाप कशासाठी? पहिला अंदाज कुणीही हाच करेल की भक्ष्य पकडण्यासाठी. पण गोहर या इजिप्शियन प्राणिशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रातल्या झेनिया-कुळावर १९४० मध्ये जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या प्राण्यांची पचनव्यवस्था किती खुरटलेली आहे ते दाखवलं होतं. यांचं पोट भरतं ते अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर. मग हातवारे कशाला, हा प्रश्न बरीच वर्षं तसाच लोंबकळत राहिला. एलातच्या आखातात झेनियाच्याच कुळातल्या हेटेरोझेनियावर काम करणाऱ्या इस्रायली संशोधकांनी २०१३ मध्ये त्याचं पटण्यासारखं उत्तर दिलं. उजेडात शैवालं प्राणवायू तयार करतात, तो भुजांभोवती साचतो आणि त्यांच्याच कामात अडथळा होतो. प्रत्येक मिटण्यासरशी ते वापरलेलं पाणी वर फेकलं जातं आणि ताजं पाणी आत येतं. हालचाल थांबवली की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. रात्रंदिवस चालणारा हा उद्योग दुपारी थोडा वेळ थांबतो, हेही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपलं. दुपारची झोप फक्त पुणेकरच घेतात असं नाही.

आता हेच टाकीच्या हिशेबात मांडून बघा. माशांना खाऊ घातलं की त्यातलं नत्र अमोनिया होऊन पाण्यात येतं. दगडांवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि तिथे बहुतेक टाक्यांची गाडी अडते. नायट्रेट आणि स्फुरद साचत जातात, काचेवर शेवाळ धरतं, आणि रविवारची सकाळ बादल्या उचलण्यात जाते. झेनियाच्या अंगातली शैवालं अमोनिया थेट उचलतात, नायट्रेट आणि स्फुरदही घेतात, आणि ते सगळं नव्या देठांत, नव्या पॉलिपांत जमा होतं. अक्रोपोराला चुन्याचा सांगाडा बांधायचा असतो. कॅल्शियम, क्षारता, मोजमापाच्या बाटल्या, सगळा सरंजाम लागतो. झेनियाच्या अंगात चुन्याचे अगदी सूक्ष्म कण असतात, बाकी मांसच. बांधकाम कमी, म्हणून वाढ भराभर. उलट पाणी फार स्वच्छ केलं तर ती आक्रसते. ज्या मळकटपणाची आपण लाज बाळगतो त्यावरच ती खुलते.

जिवंत वस्तूंकडून पाणी राखून घेण्याची कल्पना जुनी आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपल्या टाक्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढाच कारभार होता. (आपल्याकडे तसे दगड उचलायला गेलात तर वन्यजीव कायदा आडवा येईल, कठीण प्रवाळ २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.) पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी या दगडांना स्किमरची, म्हणजे फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली आणि ती पद्धत जगभर गेली.

पण झेनियाचं रसग्रहण कात्रीशिवाय पुरं होत नाही. झेनिया नुसती वाढली म्हणजे पाणी साफ झालं, असं नव्हे; नत्र तिच्यात साठवून ठेवलेलं असतं, इतकंच. झेनियाला एक वाईट खोड आहे. कधी कधी धडधाकट दिसणारा पुंजका कारण न सांगता विरघळायला लागतो, आणि महिनोन्‌महिने खाल्लेलं सगळं एक-दोन दिवसांत पाण्यात परत ओकतो. तेव्हा टाकीतून घाण खरोखर बाहेर जाते ती कापून बाहेर काढलेल्या झुबक्याबरोबर. पंप बंद करायचा, दगड उचलून भांड्यात घ्यायचा आणि देठ बुडापाशी तोडायचा. हाताला बुळबुळीत चिकटा लागतो आणि वास असा येतो की घरातले लोक खिडक्या उघडतात. पाण्यात इतकी डौलदार असलेली वस्तू तळहातावर शेंबडासारखी पसरते. या तुकड्यांवर गोंद बसत नाही. खडीच्या वाटीत टाकून वर जाळी बांधली, की काही दिवसांत ते आपणहून खडा धरतात. टाकीच्या गाळणीतला कोळसा त्या दिवशी बदललेला बरा.

नुसत्या आकड्यांवर भांडायचं तर मी हरेन. झेनियाच्या वजनात बहुतांश पाणीच असतं. तेवढ्याच जागेत चेटोसारखं शेवाळ जास्त नायट्रेट ओढेल. शिवाय मृदू प्रवाळ सगळे झेनियाइतके निरुपद्रवी नसतात. सार्कोफायटन, सिन्युलारिया ही मंडळी पाण्यात विषारी द्रव्यं सोडून शेजारच्या कठीण प्रवाळांची वाढ रोखतात. ऑस्ट्रेलियात कॉल आणि सामार्को यांनी १९८०च्या दशकात हे अभ्यासलं. आणि झेनियाच्या घराण्याची पसरण्याची हाव किती, ते व्हेनेझुएलाला विचारा. टाक्यांच्या व्यापारातून तिथे पोचलेल्या युनोमिया या इंडोनेशियन बहिणीने मोचिमा राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर तळच्या तळ व्यापला आणि तिथल्या मूळ प्रवाळांवर चादर ओढली.

एवढं सगळं मान्य करून माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. पाणी साफ करायला झेनिया ठेवायची म्हणून बरेच जण तिला खालच्या सम्पमध्ये, कपाटाच्या दाराआड, एका दिव्याखाली कोंबतात. काम करून घ्यायचं आणि तोंड दाखवायचं नाही, हा न्याय कुठला? वाळूच्या मधोमध एक सुटा दगड ठेवावा, मुख्य रचनेपासून वीतभर लांब, आणि तो पुरता तिला द्यावा. दगड सुटा असला की तो बाहेर काढून कापता येतो. समोरच असली की ती मलूल झालेली, हालचाल मंदावलेली, त्याच दिवशी कळते. कापलेले तुकडे छंदात नव्याने पडलेल्यांना फुकट द्यावेत. सुरुवातीला त्यांना फार आनंद होतो. चार-सहा महिन्यांनी तेही वाटीत तुकडे भरून घेणारा कोणी मिळतो का ते बघत फिरतात.