वेश वेगळे, पाऊल एकच

बेलारूसी भाषेत बुल्बा म्हणजे बटाटा. याच नावाचे एक नृत्य आज बेलारूसचे लोकनृत्य म्हणून ओळखले जाते. ते रचले मात्र मॉस्कोत, ईगॉर मोइसेयेव (१९०६–२००७) यांनी. बेलारूसी लोकगीत घेऊन त्यांनी बटाट्याच्या लागवडीपासून काढणीपर्यंतचा खेळ रंगमंचासाठी बांधला. पुढे खुद्द बेलारूसनेच तो आपला मानला.

एवढ्यावरून मोइसेयेव यांना बनावट ठरवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. आपल्याकडे नाट्यपदाच्या चालीवर भजन रंगते, तेव्हा भजनी मंडळाला कोणी बनावट म्हणत नाही.

अडचण वेगळी आहे. मोइसेयेव मूळचे बोल्शॉय थिएटरचे बॅले नर्तक. १९३७ साली त्यांनी लोकनृत्याचा संघ उभारला, १९४३ मध्ये त्याची शाळाही काढली. तिथे अंगात आधी बॅलेची शिस्त मुरते, प्रदेशाचा वेश नंतर चढतो. त्यामुळे युक्रेनचा होपाक पाहा की मोल्दोव्हाचा झोक, उडी आणि फिरकी एकाच तालमीतली वाटते. गावचे रिंगण आत तोंड करून फिरते. मंचावर ते प्रेक्षकांकडे उघडावे लागते. त्यात म्हातारा नसतो, दमून बाजूला बसणारा नसतो, चुकणारा तर नाहीच. प्रदेश उरतो तो कपड्यांत.

राज्यकर्त्यांना हे सोयीचेच होते. त्याच १९३७ च्या ऑक्टोबरात मिन्स्कमध्ये एका रात्रीत शंभराहून अधिक बेलारूसी लेखक, विद्वान आणि अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हे पाप मोइसेयेव यांच्या माथी मारता येणार नाही. पण १९५८ च्या अमेरिका दौऱ्यात प्रजासत्ताकांचे जे हसतमुख चित्र या संघाने दाखवले, ते पाहताना ही रात्र मला बाजूला ठेवता येत नाही.

आणि तरीही त्यांच्या दोन रचना मी पुन्हापुन्हा पाहतो. ‘फुटबॉल’मध्ये सामनाच नाचवला आहे, कुठल्या मुलुखाचा दावा नाही. ‘पार्टिझान’मध्ये महायुद्धातले गनिमी सैनिक येतात. त्यांची सरकती चाल कॉकेशसच्या नाचांतली, पण ते तिथल्या गावजत्रेचे सोंग घेत नाहीत. लांब लोकरी झग्यांखाली पाय दिसतच नाहीत. घोड्यावर बसल्यासारखे ते रंगमंचावरून तरंगत जातात.