‘समाजस्वास्थ्य’मधील प्रश्नोत्तरे : लैंगिक वर्तनातील वैविध्य आणि लैंगिक आरोग्याचा विचार

प्रस्तावना

मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासात रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांचा उल्लेख बहुधा संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून होतो. १९२१ साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमन केंद्र उघडले आणि त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत असे केंद्र सुरू केले. या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदाला त्यांना मुकावे लागले. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ या काळात त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. परंतु केवळ संततिनियमनाच्या चौकटीत पाहिल्यास या मासिकाचे खरे वैशिष्ट्य निसटते. ते वैशिष्ट्य त्यातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांत आहे.

प्रश्नोत्तरांचे स्वरूप

वाचकाने आपली अडचण पत्राने कळवावी व संपादकाने अंकातून तिचे उत्तर द्यावे, अशी ही साधी योजना होती. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, गुप्तरोग, गर्भधारणेची भीती हे जे विषय घरात वा वर्गात उच्चारता येत नसत, त्यांना येथे छापील भाषा मिळाली. अल्फ्रेड किन्सी यांचे पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरील संशोधन १९४८ साली, तर स्त्रियांवरील १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच मराठी वाचकांची ही पत्रे मानवी लैंगिक वर्तन एकसाची नसल्याची साक्ष देत होती. अर्थात, या पत्रांना शास्त्रीय पाहणीचा दर्जा देता येणार नाही. तथापि ‘असे काही आपल्याकडे नसतेच’ या समजुतीला त्यांनी छेद दिला, हे नाकारता येत नाही.

कर्वे यांची भाषा कोरडी, नेमकी व प्रसंगी उपरोधिक आहे. पाप-पुण्य या कसोटीऐवजी ‘यात कोणाचे नुकसान होते काय?’ ही कसोटी ते लावतात. स्त्रीलाही स्वतंत्र कामेच्छा असते, हा त्यांचा आग्रह याच भूमिकेतून आला आहे. नीतीचा प्रश्न अशा रीतीने आरोग्य व विवेक यांच्या कक्षेत आणणे, हे त्यांच्या लेखनाचे मुख्य कार्य होय.

१९३४ चा खटला

या कार्याची किंमत कर्वे यांना न्यायालयात मोजावी लागली. १९३१ साली त्यांना अश्लीलतेच्या आरोपावरून दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांत हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीची उत्तरे होती. कर्वे यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाजू मांडली. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही आणि एखादी गोष्ट विकृत वाटत असली तरी तिचे निराकरण ज्ञानानेच होऊ शकते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. मात्र पुढील काळाने ज्ञानाचीच बाजू उचलून धरली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.

मर्यादा

असे असले तरी या लेखनाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. पत्र लिहिण्यासाठी अक्षरओळख, पोस्टाचा खर्च व एकांत लागतो. त्यामुळे या स्तंभातला वाचक मुख्यतः शिक्षित होता. शेतमजूर स्त्रीचा प्रश्न त्यात क्वचितच उमटू शकत होता. शिवाय माहिती मिळाली की वर्तन बदलेल, या विश्वासात सत्तेचा प्रश्न सुटून जातो. पतीला नकार देण्याची मुभाच नसलेल्या स्त्रीला केवळ माहिती अपुरी पडते. ही उणीव भरून काढणारा धागा आंबेडकरांकडे सापडतो. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तेव्हा या प्रश्नाला दारिद्र्य व स्त्रीची सोसणूक यांची जोड मिळाली. तो ठराव फेटाळला गेला.

मराठवाड्याच्या संदर्भात

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या दोन्ही धाग्यांची आजही गरज आहे. बालाघाटच्या परिसरातील वाड्या-तांड्यांवरून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल आहे. पण मोबाईलवर मिळणारे ज्ञान असेलच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाले होते. ज्या वयात प्रश्न पडतात, त्याच वयात मुलींवर उत्तरे लादली जातात, असा याचा अर्थ होतो. मुलांपैकी ज्याचे आकर्षण वेगळे आहे, तो तर प्रश्नही विचारीत नाही. अशा वेळी वर्गात ठेवलेली एक निनावी प्रश्नपेटी आणि उपहास न करता उत्तर देणारा प्राध्यापक, ही ‘समाजस्वास्थ्य’ची पद्धती अत्यल्प खर्चात राबविता येण्यासारखी आहे.

समारोप

लैंगिक आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. सक्ती, भेदभाव व हिंसा यांपासून मुक्तता हाही त्याचा भाग आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. कर्वे यांच्या प्रश्नोत्तरांतील सर्वच उत्तरे आज टिकणार नाहीत. शास्त्र पुढे गेले आहे. टिकणारी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला अपराधी न मानण्याची त्यांची वृत्ती. मराठीच्या अध्यापनात ‘समाजस्वास्थ्य’ला स्थान द्यावयाचे ते मुख्यतः या वृत्तीसाठी.