विश्वास आणि विश्वस्त

'विश्वास' हा शब्द आपण कीर्तनकार मंडळी फार सैल वापरू लागलो आहोत. देवावर विश्वास, महाराजांवर विश्वास, देवळाच्या ट्रस्टवर विश्वास. तिन्ही ठिकाणी एकच शब्द. घोटाळा इथेच होतो.

या शब्दात 'श्वस्' धातू आहे; श्वास घेणे हा त्याचा अर्थ. ज्याच्यापाशी निर्धास्त श्वास घेता येतो, तिथे विश्वास. मराठीत तो आपण ठेवतो, तो हळूहळू बसतो आणि एका क्षणात उडतो. म्हणजे तो अनुभवावर उभा असतो. पांडुरंगापाशी आपण नेतो तो भाव. त्याला हिशोब नाही. माणसापाशी ठेवतो तो विश्वास. त्याला हिशोब असलाच पाहिजे.

मी मुळशीतल्या चांदे गावातून लिहितो आहे, पण गोष्ट गावोगावची आहे. कुणी देवळाचा जमाखर्च विचारला की त्याला ऐकवतात, "तुमचा विश्वास नाही का?" बिचारा गप्प बसतो. त्याला वाटते, आपली भक्तीच उणी पडली. माणसाने मागितलेला विश्वास देवाच्या भावात मिसळला की असे होते.

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा १९५० सालचा. हिशोब ठेवणे आणि तो तपासून घेणे त्याने विश्वस्तांना बंधनकारक केले. यात अपमान कसला? हाती आहे ते आपले नाही, एवढीच ही आठवण.

तुकोबारायांनी खते इंद्रायणीत बुडवली, हे आपण रंगवून सांगतो. बंधू कान्होबांचा निम्मा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला, हे मात्र घाईत राहून जाते. बुडवले ते स्वतःच्या वाट्याचे. वैराग्य स्वतःच्या धनाचे करावे. दुसऱ्याचे धन चोख सांभाळावे.

सप्ताहातला वीणेकरी पाहा. पहारा संपेपर्यंत तो वीणा खाली ठेवत नाही, आणि वेळ झाली की पाया पडून पुढच्याच्या गळ्यात देतो. वीणा माझी, असे तो म्हणत नाही. विश्वस्त म्हणावे ते यालाच.

म्हणून विनंती एवढीच: काल्याच्या दिवशी, महाप्रसादाच्या आधी, सप्ताहाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवा. आणि तो मागणाऱ्याला अभक्त म्हणू नका.