नवीन पुस्तके : दोन फळ्या

अमरावती मार्गाने नागपूर मागे टाकू लागले की वाडी लागते. मालमोटारींच्या रांगा, वाहतूक कंपन्यांच्या कचेऱ्या, गोदामे आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या ही तिची ओळख. या परिसरातील ज्या सार्वजनिक वाचनालयाचे आम्ही गेली अनेक वर्षे वर्गणीदार आहोत, तेथे दाराजवळच दोन फळ्या आहेत. एकीवर प्रौढांसाठी आलेली नवीन पुस्तके मांडतात, दुसरीवर मुलांची. पहिल्या फळीपाशी आम्ही नेहमी रेंगाळतो, दुसरीवरून नजर फिरवून पुढे जातो. समीक्षकांचीही रीत तीच आहे. प्रौढांच्या पुस्तकाला परीक्षण मिळते, मुलांच्या पुस्तकाला 'साभार पोच'. या खेपेस आम्ही दोन्ही फळ्यांवरील पुस्तके सलग वाचून काढली आणि जे दिसले ते येथे नोंदवीत आहोत.

प्रौढांच्या फळीविषयी तक्रार करावी असे फारसे नाही. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' तेथे आहे. या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. धरणापायी उठलेले गाव, नव्या जागी न रुजलेली माणसे आणि मागे राहून रानटी झालेली जनावरे यांची ही कथा. विस्थापनावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पण जनावराच्या बाजूने त्याकडे इतके निरखून क्वचितच पाहिले गेले असेल. किरण गुरव यांची 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' आहे. नंदा खरे यांची 'उद्या' आहे. खरे यांचा जन्म नागपूरचा. २०२०चा अकादेमी पुरस्कार त्यांनी नम्रपणे नाकारला आणि त्या नकाराचीच चर्चा पुस्तकापेक्षा अधिक झाली, हे पुस्तकाचे दुर्दैव. माणसावर सतत पाळत ठेवणाऱ्या उद्याचे त्यांनी रंगविलेले चित्र आज वाचताना कल्पित वाटत नाही. वाचन सोपे नाही. आमच्याकडच्या प्रतीचा पहिला तृतीयांश हाताळलेला आहे, पुढची पाने कोरी करकरीत. असो. ही सारी पुस्तके वाचकाला शहाणा समजतात. त्याला न कळणारे काही असेल तर ते त्याने शोधावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

दुसऱ्या फळीशी आलो की ही अपेक्षाच नाहीशी होते. तेथील पुस्तकांत पातळ, गुळगुळीत वेष्टनाच्या पुस्तिकांचा भरणा आहे. थोर पुरुषांची सोळा-सोळा पानांत उरकलेली चरित्रे, बिरबल आणि तेनालीरामन यांच्या त्याच त्या कथा, सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरे. पुस्तकांवर लेखकाचे नाव आहे, परंतु आत लेखक नाही. एका पुस्तिकेत बालपणी प्रामाणिक असलेला नायक पुढील पानावर थेट राष्ट्रपुरुष होतो. मधल्या काळात त्याला एकदाही भूक लागत नाही, कोणाचा राग येत नाही, तो काही चुकतही नाही. शेवटी चौकटीत तात्पर्य. चित्रे पाहावीत तर एकच चेहरा, पगडी आणि मिशी बदलून, चार पुस्तकांत चार माणसांचे काम करतो. मुलांसाठी लिहावयाचे म्हणजे कमी लिहावयाचे आणि कमी विचार करून लिहावयाचे, असा समज या पुस्तिकांमागे स्पष्ट दिसतो. याच मजकुराची प्रौढ आवृत्ती कोणी काढली असती, तर वाचनालयाच्या समितीने ती विकत घेतली नसती, असे आम्हांस वाटते.

याचा अर्थ मराठीत मुलांचे चांगले लिहिले जात नाही, असा मात्र नव्हे. माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर'मधून घरातल्या साध्या माणसांकडे मुलाच्या उंचीवरून पाहावयास शिकविले आणि 'वाचू आनंदे'मधून उत्तम मराठी साहित्य व उत्तम चित्रे मुलांच्या हाती दिली. त्यांच्या चित्रात कोपऱ्यात पडलेली चप्पलही कोणाची तरी असते. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' ही २०२२ साली अकादेमीच्या बालसाहित्य पुरस्काराची मानकरी ठरली. वहीत लिहिणाऱ्या मुलीचा आवाज तिच्यात सहसा निसटत नाही. क्वचित एखादे वाक्य लेखिकेचे होते, तेवढेच. सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला वनखात्यातील अनुभवाचे पाठबळ आहे. भारत सासणे यांच्यासारखा प्रौढांचा मातब्बर कथाकार 'समशेर आणि भूतबंगला' लिहितो आणि तेथेही आपली ताकद राखून ठेवीत नाही. या पुस्तकांपैकी आमच्या फळीवर होते एकच, 'पियूची वही', आणि तेही मागणीच्या वहीत कोणा शिक्षिकेने नाव लिहून ठेवल्यामुळे.

एक विसंगती तर आमच्या मनातून जात नाही. प्रौढांच्या फळीवर सुधीर रसाळ यांचे 'विंदांचे गद्यरूप' दिमाखात उभे होते. २०२४चा अकादेमी पुरस्कार मिळालेला हा समीक्षाग्रंथ, आणि तो आमच्या वाचनालयात आला याचा आनंद आहे. पण ज्या विंदांच्या गद्याची अशी मीमांसा आम्हां मोठ्यांना मिळते, त्यांचा 'एटू लोकांचा देश' मुलांच्या कपाटात शोधूनही सापडला नाही. तो पूर्वी होता म्हणे. फाटला, बाद झाला, पुन्हा घेतला गेला नाही.

दोष कोणा एकाचा नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याखाली राज्यभर पसरलेली बहुतेक वाचनालये स्वयंसेवी संस्था चालवितात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते. वर्ग ठरविताना ग्रंथांची संख्या मोजावी लागते. संख्येला पुस्तकाची जाडी कळत नाही. एका देखण्या, रंगीत बालपुस्तकाच्या किमतीत पातळ पुस्तिका अर्धा डझन येतात आणि दाखलनोंद वहीत सहा आकडे वाढतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून, म्हणजे १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेकडून, ग्रंथसाहाय्य मिळते. पण मागणी न करता आलेले गठ्ठे आणि निवडून घेतलेले पुस्तक यांत फरक राहतोच. वाडीत माल उतरवून घेण्याची सवय सर्वांना आहे. मुलांच्या फळीवरही माल उतरविला जातो, निवडला जात नाही.

दुसरे कारण अधिक जुने आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८७२ साली 'बालबोधमेवा' सुरू केले. मराठी मुलांच्या नियतकालिकांचा इतिहास त्याच्याशिवाय सांगता यावयाचा नाही. नावातच बोध आधी आहे आणि मेवा नंतर. त्या काळी ते योग्यही असेल. परंतु दीडशे वर्षांनंतरही मुलाला पुस्तक देताना आपण आधी 'यातून काय शिकायला मिळेल?' असे विचारतो. 'रिंगाण' घेताना हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता.

त्या रविवारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा फळीपाशी उभा होता. वडील गोदामात हमाली करतात, हे नंतर कळले. चार-पाच पुस्तिका चाळून त्याने ग्रंथपालांना विचारले, "काका, ट्रकाची नाही का जी एखादी?" ग्रंथपालांनी कपाट पाहिले, आम्हीही पाहिले. नव्हती. त्याने बिरबल नेला.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्यालगतच्या फुरसुंगीचा. त्या काळी फुरसुंगी म्हणजे शहराच्या कडेचे एक खेडे, जसे नागपूरला वाडी. भागवतांनी ते नाव मराठी मुलांच्या भूगोलात असे बसविले की विदर्भातील मूलही फुरसुंगीला कधी न जाता तिला ओळखते. वाडीला, हिंगण्याला, कामठीला असा बनेश आम्हांला त्या फळीवर भेटला नाही. वऱ्हाडी बोली प्रौढ साहित्यात केव्हाच आली. उद्धव शेळके यांची 'धग' १९६०ची आहे. मुलांच्या पुस्तकांत मात्र वाडीचे मूल ज्या मराठीत भांडते, ज्या हिंदीमिश्रित मराठीत क्रिकेटचे डाव मोडते, ती मराठी सहसा अशुद्ध ठरून बाहेर राहते. विदर्भातील लेखक मुलांसाठी लिहू शकत नाहीत असे नाही. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधचे पाणपक्षी आणि रानवाटा ज्या भाषेत सांगितल्या, ती तेरा वर्षांच्या मुलाला वाचता येते. २०२५ साली ते गेले. त्यांची पुस्तके आमच्याकडे आहेत, परंतु प्रौढांच्या कपाटात, वरच्या खणात, जेथे मुलांचा हात पोहोचत नाही.

ती खाली आणून ठेवावीत, अशी विनंती आम्ही ग्रंथपालांना केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. पुस्तिकांबद्दल बोललो तेव्हा त्यांनी दाखलनोंद वही आमच्यापुढे ठेवली. पुढील खरेदीची बैठक व्हावयाची आहे. तिच्यासाठी मागणीच्या वहीत आम्ही नऊ नावे लिहिली आहेत. 'एटू लोकांचा देश' त्यांत पहिले असून त्याच्या दोन प्रती मागितल्या आहेत, एक फाटणार हे गृहीत धरून.