मोडीचें वळण व वाचकांच्या तीन पिढ्या

‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार ठाऊक नाहीं असा सुशिक्षित मराठी मनुष्य विरळा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या वधाशीं जी आख्यायिका जोडली गेली आहे, तींत आनंदीबाईंनीं ‘धरावें’ या शब्दांतील ‘ध’ चा ‘मा’ केला असें सांगतात. ही कथा इतिहासापेक्षां दंतकथेंतच अधिक शोभते. परंतु तिच्या खरेखोटेपणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. मौज ही कीं, हा वाक्प्रचार आज जे सहज वापरतात त्यांपैकीं बहुतेकांनीं तो कागद ज्या लिपींत असावयाचा ती मोडी कधीं डोळ्यांनीं पाहिलेलीहि नसते. लिपि गेली, तिच्याविषयींचा संशय मात्र भाषेंत उरला. घरांतले जुने कागद घरच्याच माणसांना वाचतां येत नाहींत ही स्थिति आतां सार्वत्रिक झाली आहे, आणि तिच्याविषयीं जीं मतें ऐकूं येतात तीं आम्हांस फार उथळ वाटतात.

हा प्रश्न आमच्यापुढें पुस्तकांतून आला नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकणारीं पुष्कळ मुलें आदिवासी समाजांतलीं आहेत. राखीव जागेवरील प्रवेश कायम व्हावयाचा तर जमातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावी लागते, आणि तींत १९५० पूर्वींच्या नोंदीस विशेष वजन असतें. कारण अनुसूचित जमातींविषयींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या वर्षाचा आहे. त्या काळच्या शाळांच्या दाखलखारीज नोंदवह्या व गांवचीं जन्ममृत्यूचीं रजिस्टरें यांतील कित्येक पानें मोडींत आहेत. असेंच एक पान, मोबाईलवर छायाचित्र काढून, आमचा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे घेऊन आला. त्याच्या आजोबांनीं तें पाहून ‘ही मोडी, आमचे गुरुजी असेंच लिहीत’ एवढें ओळखलें होतें, पण वाचतां आलें नव्हतें. वडिलांना तें मराठी आहे हेंच पटत नव्हतें. मुलाचा तर्क असा कीं, आपला मुलूख गुजराथच्या शिवेवरचा, तेव्हां हें गुजराथी असावें. एका छपराखालीं तीन पिढ्या, आणि एका पानाविषयीं तीन मतें!

आम्ही चाळिशी उलटल्यावर मोडी शिकलों आहों व त्याचा थोडा अभिमानहि बाळगून आहों. तो अभिमान त्या दिवशीं उतरला. पणजोबांचें नांव आम्हीं मोठ्या खात्रीनें ‘दत्या’ असें वाचलें. दत्ताचें हें रूप आमच्या कानाला ओळखीचें. मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, “सर, तें दित्या असेल. दितवारीं जन्मलेल्याला आमच्यांत दित्या म्हणतात.” आम्हीं भिंग घेऊन पुन्हा पाहिलें, तों पुसट वेलांटी जागच्या जागीं होती! ज्याला एक अक्षर येत नव्हतें त्यानें आमची चूक दुरुस्त केली. ती तशीच राहती तर पुढच्या कागदांतील नांवाशीं हें नांव जुळलें नसतें, आणि एका होतकरू मुलाची जागा आमच्या विद्वत्तेमुळें धोक्यांत आली असती.

या प्रसंगानें आम्हांस आमच्याच घरांतील एक जुनी गोष्ट आठवली. आमचे आजोबा हिशेब व पत्रें मोडींत लिहीत. वडील तीं पत्रें धडाधड वाचून दाखवीत. परंतु शेजाऱ्यांचा एखादा कागद पुढें आला कीं अडखळत. लहानपणीं आम्हांस याचें नवल वाटे. आतां कळतें कीं, वडील अक्षरें वाचीतच नव्हते. ते आपल्या वडिलांना वाचीत होते. पत्रांत काय असावयाचें हें त्यांना अगोदरच ठाऊक होतें, आणि अक्षरें केवळ त्याची साक्ष देत होतीं.

मोडीची घडणच अशी आहे कीं तिचें वाचन या पूर्वज्ञानावांचून होत नाहीं. परंपरेनें ती देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्याकडे जाते. लेखकानें आधीं आडवी रेघ ओढावी व तिच्याखालीं बोरू शक्य तों न उचलतां अक्षरें लोंबवीत जावीं, हा तिचा क्रम. वेग हा तिचा प्राण आहे. त्यासाठीं तिनें ह्रस्वदीर्घाचा भेद सोडला. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा तिला सारखेच. विरामचिन्हें तिला ठाऊक नाहींत, अनुस्वार पुष्कळदां गाळलेला, आणि दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नाहीं. ‘जाऊनये’ एवढीं अक्षरें कागदावर असलीं तर ‘जाऊं नये’ असा निषेध समजावा, कीं ‘जाऊन ये’ अशी आज्ञा समजावी? हा निर्णय डोळ्यानें होत नाहीं. मागलापुढला संदर्भ, लिहिणाराचा स्वभाव व व्यवहाराची रीत यांवरून तो होतो. असा निर्णय करणें यालाच आम्ही टीका म्हणतों. मोडी वाचणें हें टीकेचें अगदीं पहिलें काम आहे.

ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे प्रचलित मतांपैकीं दोहोंचा फोलपणा दिसून येतो. पहिलें मत असें कीं, महत्त्वाचे कागद बाळबोधींत उतरून छापले गेले आहेत व उरलेले यंत्र उतरवील. मग लिपीची चिंता कशाला? छापील खंडांची थोरवी आम्ही मानतों, आणि रुरकीच्या आय. आय. टी. तील संशोधकांनीं मोडीचें बाळबोध करणारी संगणकीय रीत २०२५ सालीं पुढें आणली याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु पेशवाईंतील गद्य म्हणून आपण जें छापील वाचतों, त्यांतील प्रत्येक स्वल्पविराम संपादकाचा आहे, मूळ लेखकाचा नव्हे. आणि शब्द कोठें तोडावा हाहि निर्णय त्याचाच. छापील पान हे सर्व निर्णय गिळून निःशंक चेहऱ्यानें आपल्यापुढें येतें. मूळ पाहूं शकणारा वाचकच उरला नाहीं, तर संपादकाची चूक ही चूक आहे असें सांगणार कोण? यंत्रालाहि हेंच लागू. ज्याला ‘दित्या’ ठाऊक नाहीं तें यंत्र आमच्याइतक्याच खात्रीनें ‘दत्या’ वाचील.

दुसरें मत उत्साही मंडळींचें. ते म्हणतात, दहा दिवसांचा वर्ग घ्या, मुळाक्षरें गिरवा, झाला मोडीवाचक तयार! पुराभिलेख खात्यातर्फे भरणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गांचे उपकार मोठे आहेत, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी जाणणारांना जी मागणी आली ती सर्वांनीं पाहिलीच आहे. पण मुळाक्षरें म्हणजे दाराची किल्ली. घरांत कोण राहतें हें तिनें कळत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो केवळ लिपीच्या बळावर नव्हे. व्याकरण, व्युत्पत्ति, स्थलनामें यांचा व्यासंग आणि गांवोगांवची पायपीट हें सर्व त्यांच्या वाचनामागें उभें होतें. ते ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले. नंदुरबार तेव्हां धुळें मुख्य ठाणें असलेल्या पश्चिम खानदेशांतच होतें; त्याचा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. राजवाड्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आमच्या इतकें जवळ असूनहि आमच्या तरुणांना तेथील कागद परके वाटावे, ही खंत आम्हांस लपवितां येत नाहीं.

मात्र गेलेल्या वळणासाठीं नुसते उसासे टाकण्याचाहि आम्हांस अधिकार नाहीं. मोडी ही लिहिणाराची लिपि होती, निशाणी करणाराची नव्हे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं तीं त्यांना स्वतःला वाचतां येत नव्हतीं. सातपुड्याच्या पायथ्याचीं शेतेंहि अशाच अनाकलनीय कागदांच्या वाटेनें भिल्लांच्या हातून गेलीं, आणि हिरावलेल्या जमिनींचा प्रश्न घेऊन १९७२ च्या सुमारास शहाद्यास चळवळ उभी राहिली. ज्या वळणदार अक्षरांनीं पणजोबाचें शेत नेलें, त्याच अक्षरांत आज पणतूचा हक्क अडकून पडला आहे. अशा वेळीं ती लिपि पुन्हा थोड्या जाणत्यांच्या मुठींत राहावी हें न्यायाचें नाहीं.

लिपिभंगाचें दुःख आपल्या एकट्याच्या वांट्यास आलें आहे असें नाहीं. जर्मनींत सुटरलिन नांवाचें जोडून लिहिण्याचें वळण १९१५ पासून प्रशियाच्या शाळांत शिरलें व १९४१ सालीं नाझी सरकारनें तें बंद केलें. पुढें आजीचीं पत्रें वाचवून घेण्यासाठीं नातवंडांना जाणत्यांकडे जावें लागलें. तेथें एका हुकुमानें जें झालें तें आपल्याकडे छापखाना, बाळबोध पाठ्यपुस्तकें व बदलता अभ्यासक्रम यांनीं हळूहळू केलें. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, आणि कोणी रडलें नाहीं.

आमची सूचना साधी आहे. मोडी ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरती न ठेवतां मराठी वाङ्‌मयाच्या वर्गांत शिकवावी. मुळाक्षरांबरोबर जुन्या पत्रांचें मायने, परिभाषा व वाक्यरचना शिकवावी. आणि कित्त्यासाठीं शनिवारवाड्याचेच कागद न घेतां त्या त्या तालुक्यांतील नोंदवह्यांचीं पानें घ्यावीं. अक्राणीच्या मुलानें अक्राणीचा कागद वाचावा. वळवी, वसावे, पाडवी हीं नांवें, मोलगी व तोरणमाळ हे गांव त्याच्या जिभेवर आहेत. त्याला केवळ अक्षरें हवीं आहेत. आम्हांस अक्षरें येतात, पण तें बाकीचें सारें त्याच्याकडून शिकावें लागेल.

तो विद्यार्थी आतां दर रविवारीं आमच्याकडे येतो. आम्ही त्याला मोडीचीं वळणें गिरवावयास देतों, आणि तो आम्हांस नांवें सांगतो.