टांगा, नांगर आणि उपग्रह

सरलेल्या सालाचा आढावा घेण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. डाव्या पानावर जगातील घडामोडी : कोण सत्तेवर आले, कोठे स्फोट झाला, कोणता करार झाला. उजव्या पानावर करमणूक : कोणते चित्रपट चालले, कोणती गाणी गाजली, कोणत्या नटीचे नाव झाले. डावे पान भुवया आवळून वाचावयाचे आणि उजवे चहाबरोबर चाळावयाचे. या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंका फारशी कोणाला येत नाही. मला ती शंका पुष्कळ दिवस छळीत आली आहे. तिचा एकदा निकाल लावावा म्हणून मी १९५७ हे साल घेतले. ते माझ्या जन्मापूर्वीचे आहे, त्यामुळे त्याच्याविषयी मला आठवणींचा उमाळा नाही. आणि समीक्षेला ते बरेच असते.

प्रथम डावे पान. ६ मार्च १९५७ रोजी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट ही ब्रिटिशांची वसाहत ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाली. २५ मार्चला युरोपातील सहा देशांनी रोममध्ये सामायिक बाजारपेठेचा करार केला. मे महिन्यात ब्रिटनने पॅसिफिक महासागरावर आपल्या हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. सप्टेंबरात अमेरिकेतील लिटल रॉक गावी नऊ निग्रो विद्यार्थ्यांना शाळेच्या दारातून आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना लष्कर धाडावे लागले. आणि ४ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ आकाशात सोडला. अठ्ठावन्न सेंटिमीटर व्यासाचा, सुमारे चौऱ्याऐंशी किलो वजनाचा तो धातूचा गोळा दर शहाण्णव मिनिटांनी पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालीत होता. आपल्याकडे त्याच वर्षी दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली, केरळात मतपेटीतून कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आले आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे पोलादी कारखाने भिलाई, रूरकेला, दुर्गापूर येथे उभे राहू लागले.

आता उजवे पान. फेब्रुवारीत गुरुदत्तचा ‘प्यासा’ आला. १५ ऑगस्टला बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’ लागला. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच सालचा. आणि २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या दिवसांत, मुंबईच्या लिबर्टी चित्रगृहात मेहबूब खानांचा ‘मदर इंडिया’ झळकला. एखाद्या दशकाला पुरावी एवढी ही पुंजी एकाच सालाच्या पदरात पडली आहे.

अशा वेळी दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की, जग पेटले असता लोक चित्रगृहाच्या अंधारात जाऊन बसतात. करमणूक ही पळवाट आहे. दुसरे मत अधिक विद्वान : लोकप्रिय कला हा काळाचा आरसा आहे. मला दोन्ही अपुरी वाटतात. पळवाट म्हणावी, तर १९५७ मधील प्रेक्षक पैसे मोजून दुष्काळ, सावकार आणि तुरुंग पाहावयास का गेला? आणि आरसा म्हणावा, तर त्या आरशात उपग्रह कोठे दिसतो? दिसतो तो टांगा आणि नांगर.

माझे मत मांडण्यापूर्वी डाव्या पानावरची एक बारीक बातमी सांगतो. १ एप्रिल १९५७ पासून आपला रुपया बदलला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हा जुना संसार मोडून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सुधारणा शहाणपणाची होती. दशमान पद्धतीने पोरांची गणिते किती सोपी झाली, हे शाळामास्तराला कोणी सांगावयास नको. पण एका आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे काही निघाले नव्हते. सरकारी कोष्टकात आण्याचे सहा पैसे लावले गेले. मग तो उरलेला पाव पैसा कोणाच्या पदरी पडला आणि कोणाच्या पदरचा गेला? इतिहासाच्या डाव्या पानावर या प्रश्नाला जागा नाही. प्रत्येक मोठ्या घटनेच्या हिशेबात असा एक पाव पैसा उरतो, आणि लोकप्रिय कला तिच्या चांगल्या दिवसांत त्याचीच चौकशी करीत असते. ‘काय घडले’ हे डावे पान सांगते. ‘त्याची किंमत कोणी मोजली’ हे उजवे पान विचारते.

‘नया दौर’ घ्या. गावात लाकडाची गिरणी आहे, तिच्या आधाराने मजुरांची आणि टांगेवाल्यांची पोटे भरतात. मालकाचा मुलगा शहरातून यंत्र आणतो, मग बस आणतो. टांगेवाल्यांचा पुढारी शंकर पैज घेतो : टांगा आणि बस यांची शर्यत. ती जिंकण्यासाठी तो जवळचा नवा रस्ता खोदावयास घेतो आणि हळूहळू सारा गाव कुदळ घेऊन त्याच्यामागे येतो. पोलादी कारखान्यांच्या त्या काळात, स्वातंत्र्याच्या दहाव्या वाढदिवशी, हा चित्रपट यंत्राला नकार देत नाही. तो एवढेच विचारतो की, यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या खिशात जातो. आजही एखाद्या कचेरीत संगणक नवे काम शिकला की हाच प्रश्न उभा राहतो.

पण भक्तिभावाने समीक्षा होत नसते. शर्यत टांगा जिंकतो, कारण दिग्दर्शकाला तो जिंकावयास हवा असतो. खऱ्या रस्त्यावर बस जिंकली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. शेवटी यंत्र आणि माणूस यांनी मिळून चालावे, असा तोडगा निघतो. तो मनाला गोड वाटला तरी त्याची रीत काय, हे चित्रपट सांगत नाही. त्याचे खरे सामर्थ्य शर्यतीत नसून रस्ता खोदण्यात आहे. वाटेत एक पूल बांधावा लागतो. मैत्रीत आलेल्या वितुष्टापायी तो ढिला केला जातो, आणि आपली माणसेच तो सावरावयास धावतात. योगायोग असा की, त्याच सालच्या ऑक्टोबरात लंडनमध्ये ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ प्रथम दाखविला गेला. त्यातही पूलच आहे : जपान्यांच्या कैदेतील ब्रिटिश कर्नल शत्रूसाठी उत्तम पूल बांधतो, कामाच्या अभिमानात ते कोणासाठी चालले आहे हे विसरतो, आणि अखेर तो पूल उडवून दिला जातो. एका पुलावर सहकार्याची श्रद्धा, दुसऱ्यावर कौशल्याच्या आंधळेपणाची थट्टा. हे दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत. पंचवार्षिक योजना आणि महायुद्ध, दोहोंचा अर्थ थोडा अधिक कळतो.

‘मदर इंडिया’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मेहबूबांनी आपलाच १९४० चा ‘औरत’ पुन्हा केला. सावकार सुखीलालाच्या भूमिकेत कन्हैयालालही पुन्हा तेच. फरक पडला तो प्रारंभात. नव्या चित्रपटात ट्रॅक्टर दिसतात, धरणे दिसतात, आणि गावात आलेल्या कालव्याचे उद्घाटन करण्यासाठी म्हाताऱ्या राधेला हाताला धरून आणले जाते. तिच्या गळ्यात हार पडतो आणि त्या फुलांबरोबर सारा भूतकाळ उसळून येतो : पाचशे रुपयांचे कर्ज, त्याच्या व्याजापायी जाणारे पिकाचे तीन हिस्से, हात गमावून परागंदा झालेला नवरा, पूर, उपासमार आणि अखेर स्वतःच्या हाताने गोळी घालून मारलेला मुलगा. कालव्याचे दार उघडते तेव्हा पाणी क्षणभर तांबडे दिसते. योजनेच्या यशाचा देखावा एका बाईच्या आयुष्याने असा रंगविणे, हे धाडस त्या काळच्या कोणत्याही अहवालात नव्हते.

तरी एक तक्रार उरतेच. चित्रपट राधेच्या त्यागाला इतक्या उंच मखरात बसवितो की सावकाराच्या वहीचा प्रश्न खाली जमिनीवरच राहतो. बिरजू चुकीच्या मार्गाने का होईना, पण त्या वहीवर बोट ठेवतो. त्याला आई मारते आणि सारे चित्रगृह आईसाठी रडते. रडून झाल्यावर व्याजाचा दर आठवत नाही. आपल्या लोकप्रिय कलेचा हा जुना दोष आहे : ती प्रश्न नेमका विचारते आणि उत्तराच्या जागी निरांजन ठेवते.

शांतारामांच्या चित्रपटात निरांजन कमी आणि प्रयोग जास्त. सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन शेतकरी करणारा जेलर ही केवळ कविकल्पना नव्हे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग झाला होता, आणि त्याच माणदेशात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून ही कथा रचली. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तिला ‘रुपेरी अस्वल’ मिळाले. अण्वस्त्रांच्या धाकाने शांतता राखू पाहणाऱ्या जगाला, माणदेशच्या माळावरून विश्वासाने माणूस राखण्याची गोष्ट ऐकविली गेली, हे मराठी वाचकाने अभिमानाने सांगावे.

आता गाण्यांकडे वळू. कारण कोणती कला चांगली हे कोणी ठरवावयाचे, याचा झगडा त्या सालात तेथेच निकाली निघाला. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताची खरी आस्था होती आणि चित्रगीतांचा खरा तिटकारा. चित्रगीते नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी फक्त काटा फिरविला. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, म्हणजे स्पुटनिकच्या आदल्याच दिवशी, आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रगीते सरकारी दारातून परत आत आली. केसकरांची टिंगल करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांच्याच कारकिर्दीत पुणे केंद्रावरून माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ घरोघर गेले. त्यांना उणीव होती ती एकाच गोष्टीची : अभिरुची वरून वाढता येते, पण वरून कापता येत नाही. ‘प्यासा’मधील कवीची पाने रद्दीच्या भावाने विकली जातात आणि तो मेला असे समजताच तीच पाने सोन्याच्या भावाने खपतात. हा टोमणा प्रकाशकांना आहे तसा, काय चांगले हे दुसऱ्यासाठी ठरविणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्यात आम्ही मास्तर आणि समीक्षकही आलो.

एवढी स्तुती केल्यावर आता मुख्य उणे सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, डिसेंबरात ते गेले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. या देशातील गावाविषयीचा सर्वांत मूलभूत प्रश्न त्या बारा महिन्यांत उघड्यावर आला होता. आणि पडद्यावरच्या गावांत काय दिसते? सावकार दिसतो, गिरणीमालक दिसतो, टांगेवाला दिसतो. गावकुसाबाहेरची वस्ती मात्र प्रश्न म्हणून कोठेच उभी राहत नाही. राधेच्या विहिरीवर कोण पाणी भरू शकत होते, हे कोणी विचारीत नाही. बिमल रॉय यांची ‘सुजाता’ येण्यास आणखी दोन वर्षे जावी लागली. पण म्हणून लोकप्रिय कला गप्प होती असे नव्हे. वामनदादा कर्डकांसारखे शाहीर हा प्रश्न वस्त्यावस्त्यांतून गात होतेच, आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा डफावर पेटवीत होते. उजव्या पानावर त्यांची नावे सापडत नाहीत, कारण ते पान भरणाऱ्यांनी तिकिटाच्या खिडकीलाच लोकप्रियता मानले. पाव पैशाची चौकशी करणाऱ्या पडद्याच्या हिशेबातूनही असा पाव पैसा गळाला होता.

राहता राहिला उपग्रह. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी दुसऱ्या स्पुटनिकमधून लायका नावाची कुत्री अंतराळात गेली. तिला परत आणण्याची सोयच नव्हती. ती काही दिवस सुखरूप होती, असे जगाला सांगितले गेले. उष्णतेने ती काही तासांतच मेली, हे २००२ मध्ये उघड झाले. डाव्या पानावर त्या दिवशी विज्ञानाचा विजय छापला गेला, आणि त्याची किंमत पंचेचाळीस वर्षांनी कळली.

आणखी एक तारीख जाता जाता नोंदवितो. पहिल्या स्पुटनिकच्या बॅटऱ्या संपून त्याचा ‘बीप बीप’ आवाज थांबला तो २६ ऑक्टोबरला, ‘मदर इंडिया’ लागल्याच्या दुसऱ्या दिवशी. यात दैवी संकेत वगैरे काही नाही. उपग्रहाचे महत्त्वही त्याने तिळमात्र कमी होत नाही. आज हवामानाचा अंदाज त्याच्याच वंशजांवर चालतो. माझे म्हणणे एवढेच की, दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. या दिवाळीत घरात सारी मंडळी जमली असतील, तर ‘नया दौर’ एकत्र पाहावा आणि नातवंडांना विचारावे : शर्यत टांग्याने जिंकली, मग रस्त्यावर आज टांगा का नाही? त्या प्रश्नावर आजोबा आणि नातू यांचा जो वाद होईल, तो फराळाच्या ताटाइतकाच मोलाचा ठरेल.